भरावावरच्या उड्या

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला मी दोनदा बसलो आणि दोनदा नापास झालो. दुसऱ्या निकालाला वडील रागावलेसुद्धा नाहीत. माझ्या हातातली मार्कलिस्ट घेऊन त्यांनी नीट घडी घातली, कपाटात ठेवली, म्हणाले, "आता काय करायचं ते तू बघ," आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

आम्ही मूळचे राजापूरकडचे. मी सातवीत असताना वडिलांनी परळची खोली विकून विरारला, मनवेलपाड्यात, वन रूम किचन घेतलं. घर मोठं झालं, पण पाणी टँकरचं आणि वडिलांचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायला लागला. हे सगळं माझ्या शिक्षणासाठी केलं असं ते कधी म्हणाले नाहीत. आई म्हणायची.

दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट. वसई-भिवंडी रस्त्यावर कामणच्या आसपास तेव्हा गोडाऊनं उभी राहत होती. त्यांना शटर, ग्रिल, लोखंडी जिने करून देणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मला कुणाच्या तरी ओळखीने चिकटवलं. मालक क्वचित यायचा. सगळा कारभार एका मिस्त्रीकडे होता. पन्नाशीचा, मिरजेकडचा माणूस, वेल्डिंगने डोळे कायमचे लाल झालेले. मी घरून कामणपर्यंत सायकलने जायचो, हायवेच्या कडेकडेने, कंटेनरचा वारा खात. जाड टायरची, गिअरची सायकल होती. दहावी पास झालो म्हणून मिळालेली. माझ्या आयुष्यात बक्षीस म्हणून मिळालेली ती एकच वस्तू.

तिथेच एका दुपारी माझ्याच वयाचा एक मुलगा सायकल खांद्यावर घेऊन चालत आला. काळा, शिडशिडीत, पायात स्लीपर. सायकलचा पुढचा चिमटा, म्हणजे ज्यात चाक बसतं तो भाग, मागे दुमडून फ्रेमला टेकला होता. मिस्त्री म्हणाला, आम्ही सायकली करत नाही. तो दाराशी बसून राहिला. जेवणाच्या सुट्टीत मी चिमटा शेगडीवर तापवला आणि पाइपात घालून सरळ केला.

"कशाने वाकला?" मी विचारलं.

"बांधावरनं उडी मारली."

"का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. असला प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. "का म्हंजे? बांध आहे, खाली शेत सुकलंय. मारली."

पुढच्या रविवारी मी त्याच्या गावाला गेलो. नायगावच्या खाडीकाठचं लहानसं गाव, पाच-सहा आडनावांचं. त्यांची भातशेती खाडीला लागून होती. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा उंच बांध घातलेला, पिढ्यान्‌पिढ्या दरवर्षी डागडुजी करून राखलेला. दोन वर्षांपूर्वी तो बांध फुटला. पाणी आत शिरलं आणि शेत खारवलं. पहिल्या वर्षी रोप पिवळं पडलं, दुसऱ्या वर्षी लावलंच नाही. मग चुलत्यांनी मिळून जमीन एका बिल्डरला द्यायचं ठरवलं. या मुलाच्या वडिलांनी शेवटी सही केली. सगळ्यांच्या सह्या झाल्यावर एकट्याची राहून काय होणार होतं?

हे सगळं त्याने मला बांधावर उभं राहून सांगितलं. मग सायकलवर बसला, बांधावरून पंधरा-वीस पावलं जोरात पेडल मारली आणि कडेवरून खाली गेला. मी ओरडलोच. खाली भेगाळलेल्या शेतात दोन्ही चाकं एकदमच टेकली, धूळ उडाली, आणि तो लांब जाऊन वळला. पुरुषभर उंची असेल. तो सायकल ढकलत वर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर विशेष काही नव्हतं. विहिरीत उडी मारून वर आलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा.

"मार," तो म्हणाला.

मी मारली. पडलो. गुडघा फुटला. घरी गेल्यावर आईने विचारलं, मी म्हटलं हायवेला खडीवर घसरलो. पण त्या संध्याकाळी जेवताना माझ्या लक्षात आलं की दिवसभरात मला मार्कलिस्टची एकदाही आठवण झाली नव्हती.

दिवाळी झाली आणि भराव सुरू झाला. डंपर यायचे आणि शेतात तांबड्या मुरमाचे ढीग ओतून जायचे. एकाला लागून एक, पंगतीत वाढल्यासारखे. आठवड्यातून एकदा डोझर यायचा आणि ते ढीग सपाट करायचा. मधल्या दिवसांत ते ढीग आमचे होते. हा मुरूम कामणच्या मागचा डोंगर पोखरून यायचा. मी रोज कामावरून तो डोंगर पाहत होतो.

उड्यांना काही रीत असते हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ते सांगितलं एका बोटीवाल्याने. वसईचा ख्रिस्ती माणूस, तिशीचा, मालवाहू बोटीवर फिटर होता आणि चार महिन्यांच्या सुट्टीवर आला होता. पुढे स्प्रिंगचे शॉक असलेली परदेशी सायकल घेऊन तो बांधावर फिरायला आला आणि आम्हाला पाहून थांबला. माझ्या मित्राच्या दोन उड्या त्याने पाहिल्या.

"तुला कोणी शिकवलं?" त्याने विचारलं.

"कोनी नाय."

"काय बोलतोस! साल्या, तू चिमट्याला शॉक नसताना मारतोस हे." त्याने आम्हाला घरी नेलं, आईला सांगून चहा आणि बिस्किटं मागवली आणि कॉम्प्युटरवर व्हीसीडी लावली. कुठल्या तरी थंड देशातली माणसं, उंच झाडांच्या जंगलातून, कड्यांवरून, लाकडी फळ्यांवरून सायकली घेऊन खाली झेपावत होती. याला फ्रीराइड म्हणतात, तो म्हणाला. आणि मातीचे दोन उंचवटे करून मधली जागा हवेत ओलांडतात ते डर्ट जंपिंग. माझा मित्र खुर्चीच्या टोकावर बसून पाहत होता. एकदा म्हणाला, "मागे घ्या." तीच उडी त्याने चार वेळा पाहिली. घरी जाताना म्हणाला, "ते उतरतात तो उतार पाह्यलास? उडी तिथे असते. चढावर नाय."

ते त्याने एका बैठकीत ओळखलं होतं. मला समजायला महिना लागला.

मातीचं काम त्याला यायचंच. लहानपणापासून बांधावर बापाबरोबर माती ओढलेली. किती ओल हवी, कुठे फावड्याचा पाठचा भाग मारायचा, माती कधी बसते आणि कधी नुसती बसल्यासारखी दिसते, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. दोन ढीग निवडायचे. पहिल्याला चढ द्यायचा, दुसऱ्याला पलीकडून लांब उतार. मधली माती काढून खड्डा करायचा. मग डबक्यातून बादल्यांनी पाणी आणून मारायचं आणि अंगण चोपायच्या लाकडी चोपण्याने चोपायचं. चोपणं त्याच्या आईचं होतं. ती शोधत यायची आणि कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"घरचं अंगन उखडलंय, आनि इथे राजवाडा सारवताय?"

"काकी, संध्याकाळी देतो," मी म्हणायचो.

"तू शिकलेला ना रे? तुला तरी कळायला पायजे."

त्याचे वडील मात्र काही म्हणायचे नाहीत. बांधाला लागून एक भेंडीचं झाड होतं, भाजीचं नव्हे, मोठं, सावलीचं, त्याखाली बसून ते डंपर बघत असायचे. एकदा मी जवळ जाऊन म्हटलं, "काका, आम्ही इथे उड्या मारतो ते चालतं ना?"

ते डंपरकडेच बघत म्हणाले, "मारा की. आता काय दुखनार हाय त्याला."

त्या हिवाळ्यात आम्ही दर रविवारी आणि जमेल त्या संध्याकाळी तिथे होतो. बोटीवाला यायचा, त्याच्याकडचं चेहरा झाकणारं एकच हेल्मेट आम्ही आळीपाळीने घालायचो. कधी कामणच्या त्या पोखरलेल्या डोंगरावर सायकली ढकलत न्यायचो आणि डंपरच्या वाटा सोडून सरळ कातळावरून, करवंदांच्या जाळ्यांमधून खाली यायचो. ब्रेकच्या रबराचा वास यायचा. खाली पोचलो की आम्ही तिघं बसून हसत राहायचो, कशाला ते माहीत नसायचं.

मी कधीच चांगला झालो नाही. चढाच्या तोंडाशी माझी दोन बोटं आपोआप ब्रेकवर जायची. अगदी थोडी, पण जायची. मग मी खड्ड्याच्या अलीकडच्या काठावर आपटायचो. तो ब्रेक धरायचाच नाही. हवेत गेल्यावर सायकल त्याच्याखाली जराशी आडवी व्हायची आणि टेकायच्या आत परत सरळ व्हायची. बोटीवाला मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "हा दुसरीकडे कुठे जन्मला असता ना, तर लोकांनी याला उचलून नेलं असतं." मी हो म्हटलं. आत कुठेतरी दुखलं. ही एक जागा होती जिथे मला बरं वाटत होतं, आणि तिथेही मी दुसराच होतो.

नाताळ करून जानेवारीत बोटीवाला गेला. जाताना हेल्मेट आम्हाला देऊन गेला. सायकल भावाच्या पोरासाठी ठेवली. पुढच्या सुट्टीत येताना माझ्या मित्राला एक मजबूत फ्रेम आणतो म्हणाला. "तोपर्यंत जपून," त्याने मला सांगितलं, त्याला नाही. "त्या फ्रेमचं काही खरं नाही."

फेब्रुवारीत शेताचा मोठा भाग सपाट झाला होता. आता फक्त बांधाच्या कडेची एक पट्टी उरली होती. तिथे डंपरवाल्यांनी एकावर एक असे उंच ढीग टाकले, आणि आम्ही आमची सगळ्यात मोठी उडी बांधली. बांधावरून उतरत यायचं, वेग घ्यायचा आणि साधारण अठरा फुटांचा खड्डा ओलांडायचा. आम्हाला दहा-बारा दिवस लागले. मित्राच्या हातांना फोड आले. डोझर आता रोज यायचा. तो चालवणारा बिहारी माणूस बघायचा आणि आमचे ढीग सोडून बाकीचं काम करायचा. एका शनिवारी सकाळीच त्याने मशीन बंद केलं आणि खाली उतरला.

"भाई, कल तक," तो म्हणाला. "सोमवार को साहब आएगा. मेरे को करना पड़ेगा."

"कल बहुत है," मित्र म्हणाला.

त्याच शनिवारी सकाळी त्याला फ्रेमवर चीर दिसली होती. हँडलच्या खाली, जिथे खालचा जाड पाइप पुढच्या नळीला जोडतो तिथे, रंगाला केसाएवढी रेघ. नखाने रंग काढला तर रेघ पाइपात होती. तो सायकल घेऊन माझ्याबरोबर कामणला आला.

मिस्त्रीने चष्मा कपाळावर घेतला आणि रेघेवर बोट फिरवलं. "पातळ पाइप आहे," तो मला म्हणाला. मित्र बाहेर हातपंपावर पाणी पीत होता. "याला आर्क वेल्डिंग चालत नाही. पाइप जळतो. वरून तू पट्टी मारशील, जोड टिकेल, आणि जोडाच्या शेजारी तुटेल. गॅसने पितळ भरणारा कोणी सापडला तर करा, नाहीतर ही सायकल आता दूध आणायला." मग तो जेवायला गेला.

मी वेल्डिंग केलं. पट्टी कापली, घासली, दोन्ही बाजूंनी मारली. जोड दिसायला सुरेख झाला. माझा तोपर्यंतचा सगळ्यात चांगला जोड. मी तो काळा रंगवला.

"टिकंल?" त्याने विचारलं.

"टिकेल," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो याचा मी पुढे अनेक वर्षं विचार केला. सोमवारी डोझर येणार होता. त्या दिवशी वसईत गॅसवाला शोधत हिंडणं, रविवार जाणं, आणि बारा दिवसांचं काम न उडताच सपाट होणं मला नको होतं. हे एक कारण. दुसरं असं, की आयुष्यात पहिल्यांदा मी केलेलं काहीतरी बघून माणूस समाधानाने मान हलवत होता. तिसरं कारण आहे की नाही हे मला नक्की सांगता येत नाही, आणि मी ते शोधायचं सोडून दिलं आहे.

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला ऊन उतरल्यावर त्याने हेल्मेट घातलं. त्याचे वडील नेहमीच्या जागी भेंडीखाली होते. मी खड्ड्याच्या बाजूला, उतरणीजवळ उभा होतो. पहिली उडी त्याने मारली आणि ती इतकी शांतपणे झाली की मला ती अठरा फुटांची वाटलीच नाही. तो माझ्यापासून हाताच्या अंतरावरून गेला, चाकांच्या तारांचा नुसता सूंऽ असा आवाज. दुसरी तशीच. वडील उठून उभे राहिले होते. मला वाटतं ते हसत होते. मी त्यांना हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे खात्री नाही.

तिसऱ्या उडीला तो बरोबर उतारावरच टेकला. उडी कमी पडली नव्हती, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. पुढचं चाक टेकलं आणि ठक्कन आवाज झाला, ग्रिलचा गज तुटल्यासारखा. सायकलचा पुढचा भाग वेगळा झाला. हँडल त्याच्या हातात आणि बाकी सायकल मागे. तो उजव्या खांद्यावर पडला, डोकं डावीकडे आणि खांदा खाली असा ओढला गेला, आणि उताराच्या टोकापर्यंत घसरत गेला.

मी पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. हेल्मेटला खोल ओरखडा होता. डोक्याला काही झालं नव्हतं.

"माझा हात कुठाय?" तो म्हणाला.

हात तिथेच होता, त्याच्या पोटावर. मी तो उचलून त्याला दाखवला. तो माझ्या हातात ओल्या पोत्यासारखा जड होता.

"हा माझा?" तो म्हणाला.

डंपरमध्ये घालून वसईच्या दवाखान्यात, तिथून मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. गळपट्टीचं हाड मोडलं होतं, ते जुळलं. पण हाताच्या नसा मानेजवळून मुळासकट उपटल्या होत्या. एका तरुण डॉक्टरने कागदावर झाडाची मुळं काढून दाखवली. काकी त्या चित्राकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या.

"सायकल तुटली कशी रे?"

"उडी कमी पडली, काकी," मी म्हणालो.

तो पलंगावरून ऐकत होता. त्याने डोळे मिटले.

सहा महिने वाट बघा, डॉक्टर म्हणाले. मी दर शनिवारी त्याच्याबरोबर मुंबईला जायचो. विजेचे बारीक झटके द्यायचे, बोटं वाकवून-सरळ करून घ्यायची. काकी रोज तेल चोळायच्या. कामणजवळच्या एका हाडवैद्याकडे नेलं, त्याने पाला बांधला. ज्या हाताला स्पर्श कळत नव्हता त्याच हातात आग व्हायची. बसल्या बसल्या तो एकदम दात दाबायचा. शिमगा गेला, पाडवा गेला. दंड बारीक होत गेला. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि आता यायची गरज नाही म्हणून सांगितलं. त्याला एका डंपरमालकाने शिमग्यानंतर चालवायला गाडी देतो म्हटलं होतं. तो विषय कुणी काढला नाही.

त्या पावसाळ्यात भरावाचं पाणी गावात शिरलं. पूर्वी शेतातून खाडीकडे जायचं, आता जायला वाट नव्हती. त्यांच्या घरात गुडघाभर पाणी तीन दिवस होतं. बिल्डरची चुलत्यांशी कसली तरी कोर्टकचेरी सुरू झाली आणि काम थांबलं. तो तांबडा पट्टा पुढे कितीतरी वर्षं तसाच पडून राहिला. भात नाही आणि बिल्डिंगही नाही. त्यावर रान माजलं. वडील अजूनही भेंडीखाली जाऊन बसायचे. तिसऱ्या वर्षी ते वारले.

बोटीवाला पुढच्या सुट्टीत खरोखरच फ्रेम घेऊन आला. मी त्याला स्टेशनवर गाठून सगळं सांगितलं, वेल्डिंगचं सोडून. तो मित्राच्या घरी गेला नाही. फ्रेमचं त्याने काय केलं मला ठाऊक नाही.

अपंगांच्या कोट्यातून मित्राला नायगाव स्टेशनच्या बाहेर पीसीओचा बूथ मिळाला. सुरुवातीला बरं चाललं. डाव्या हाताने पावती फाडायला तो शिकला, उजवा हात शर्टाच्या बटणांमध्ये खोचलेला. मी डिप्लोमा कसाबसा पुरा केला होता आणि अंधेरीला लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत लागलो होतो. वडील परत बोलायला लागले होते. महिन्यातून एखाद्या रविवारी मी बूथवर जायचो. काय बोलायचो आठवत नाही. क्रिकेट असेल. सायकलींबद्दल कधीच नाही.

मग मोबाइल आले. एक वेळ अशी आली की मी तासभर बसलो आणि एकही माणूस फोन करायला आला नाही. त्या दिवशी मी त्याला सांगितलं. ठरवून गेलो नव्हतो. मिस्त्री काय म्हणाला होता, तू बाहेर पाणी पीत होतास, मला माहीत होतं, आणि मी टिकेल म्हणालो. उडी कमी पडली नव्हती. हे सगळं एका दमात.

तो काउंटरवरच्या वहीवरची धूळ पुसत होता. पुसायचं थांबला नाही.

"माहीत होतं," तो म्हणाला. "बापाने तुकडे घरी आनले होते. मी पाह्यलं ना. तुझी पट्टी शाबूत होती. शेजारी तुटला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलून हात हलनार होता?"

मी काउंटरवरचा फोन सरळ करून ठेवला.

"आईला वाटतं मी माजलो होतो, म्हनून पडलो," तो म्हणाला. "बापाला पन तेच वाटलं असेल. त्याला मी सांगितलं नाय. तू येत होतास ना दर शनिवारी. तुझं नाव सांगितलं असतं तर कोन आलं असतं?"

"मी काकींना सांगतो. आत्ता जातो."

"नको." आता त्याने मान वर केली. "तू आता सांगून मोकळा झालास. आनि मी? मी काय करू त्याचं? इतकी वर्षं तू सांगशील म्हनून थांबलो होतो, ते पन संपलं."

एक बाई पोराला घेऊन आली, रिचार्जचं कूपन आहे का विचारलं. त्याने डाव्या हाताने खणातून कूपन काढून दिलं, सुटे पैसे दिले. ती गेल्यावर तो म्हणाला, "एवढ्या लांबून येत नको जाऊस."

मी तरी दोन-तीनदा गेलो. तो नीट बोलला, चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली. माझं लग्न ठरलं ते मी त्याला सांगितलं तेव्हा म्हणाला, "बरं झालं." लग्नाला तो आला नाही. काकी आल्या. नारळ आणि साडी घेऊन आल्या, माझ्या बायकोच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, "हा माझ्या पोराच्या फार उपयोगी पडला, बाय." मी स्टेजवर उभा होतो, गळ्यात हार होता. मी त्यांच्या पाया पडलो. सांगितलं नाही. तो नको म्हणाला होता, हे मला त्या क्षणी सोयीचं होतं.

पुढे दोन वर्षं मी तिकडे फिरकलो नाही. एका रविवारी गेलो तर स्टेशनबाहेरचा रस्ता रुंद करत होते आणि बूथ तिथे नव्हता. समोरच्या चहावाल्याला विचारलं.

"तो हात तुटलेला?" तो म्हणाला.

"तुटलेला नाही. हात आहे. चालत नाही."

"तोच. उठवला ना सगळ्यांना. घर पण विकलं म्हणतात. बहिणीकडे गेले, डहाणूला का कुठे. नक्की माहीत नाही."

मी गावात जाऊन आणखी कुणाला विचारू शकलो असतो. वीस मिनिटांची वाट होती. मी चहा घेतला, पैसे दिले आणि पुलावरून विरारच्या गाडीच्या फलाटावर जाऊन उभा राहिलो.